जुन्या ट्रकच्या इंजिनातला ठोका नेमका कुठून येतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ट्रकच्या इंजिनातून ठकठक यायला लागली की प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतोय. उत्तरं बहुतेक मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला धरून आहेत, पेट्रोलवाल्यांनी प्रश्न १४ बघा. आणि घाईत असाल तर निदान ३ आणि १७ वाचल्याशिवाय पुन्हा स्टार्टर मारू नका.

१. इंजिन ठोकतंय म्हणजे आत नक्की काय होतंय?

एक तर झिजून जागा वाढलेले दोन भाग एकमेकांवर आपटतायत, म्हणजे क्रँकवरचं (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरचं) बेअरिंग, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी), लायनरमध्ये (सिलेंडरच्या आतल्या नळीत) डुलणारा पिस्टन, टॅपेट (व्हॉल्व उघडणारे भाग) वगैरे. किंवा भाग ठणठणीत आहेत पण डिझेल चुकीच्या वेळी नाहीतर एकदम भडकतंय आणि तो दणका धातूतून ऐकू येतोय. आणि कधीकधी आवाज इंजिनाच्या आतला नसतोच, त्याला जोडलेल्या कॉम्प्रेसरचा, पुलीचा, फ्लायव्हीलचा किंवा तुटलेल्या माउंटिंगचा असतो. माणूस घाबरला की थेट "बेअरिंग गेलं" इथे पोचतो, पण तपासणी बाहेरून आत करायची, कारण बाहेरचं बघायला काहीच उघडावं लागत नाही.

२. डिझेल इंजिन तर वाजतंच, मग नेहमीचा आवाज कुठला आणि बिघाडाचा कुठला?

डिझेल सिलेंडरमध्ये फवारलं की लगेच पेटत नाही, अगदी थोडा वेळ जातो, तेवढ्यात आणखी डिझेल आत येतं आणि मग ते साठलेलं सगळं एकदम पेटतं. डिझेलची ती ओळखीची खडखड हीच. ती सगळ्या सिलेंडरची सारखी असते, एका लयीत असते, थंडीत जास्त आणि इंजिन तापलं की कमी होते. बिघाडाचा ठोका या लयीतून वेगळा पडतो, एकच सिलेंडर बाकीच्यांपेक्षा जोरात वाजतो, किंवा कालपर्यंत नव्हता तो आज आहे. रोज गाडी चालवणाऱ्याला "काहीतरी वेगळं वाजतंय" हे मिस्त्रीच्या आधी कळतं, त्यामुळे तसं वाटलं तर स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा.

३. ठोका ऐकू आला, पहिली गोष्ट काय करू?

इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. ऑइल कमी आहे का ते तर बघाच पण जास्त आहे का तेही बघा, कारण पातळी वाढली असेल तर डिझेल किंवा पाणी ऑइलमध्ये उतरतंय. बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास म्हणजे नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं) गळतंय किंवा फीड पंपाचा पडदा फाटलाय, दुधाळ चहासारखं म्हणजे कूलंट उतरलंय. या दोन्हीत ऑइलचा थर टिकत नाही आणि चांगलं बेअरिंगसुद्धा खराब होतं, तेव्हा ऑइल बदलून मोकळं होऊ नका, कारण शोधा.

मग ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर विसंबू नका, ब्लॉकवरचा सेन्डर (काट्याला प्रेशर कळवणारा) काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन तापलेलं असताना वाचा. ढोबळ हिशोब असा की दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय पाहिजे, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्याच्या खाली असेल तर पुढच्या चाचण्यांसाठी इंजिन चालवत बसू नका.

४. ऑइल प्रेशर बरोबर आहे, म्हणजे बेअरिंग नक्की ठीक ना?

नाही. सहा सिलेंडरच्या इंजिनात एकच बिग एंड (रॉडचं क्रँकला धरणारं खालचं बेअरिंग) ढिलं झालं तर तेवढ्यातून गळणारं ऑइल पंप सहज भरून काढतो आणि काटा हलत नाही. प्रेशर कमी म्हणजे संशय पक्का होतो, पण प्रेशर ठीक म्हणून संशय मिटत नाही.

५. मी आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवतो, ऐकून सांगता येईल का काय गेलंय?

फोनचा माइक खालचा जड आवाज नीट पकडत नाही आणि मोठा आवाज स्वतःच कमी करतो, त्यामुळे मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) दबका धप्प आणि टॅपेटची टकटक रेकॉर्डिंगमध्ये जवळपास सारखी वाटू शकते. पण खरी अडचण फोनची नाही. आवाज कसा आहे यावरून फार थोडं कळतं, तो कधी बदलतो यावरून जवळजवळ सगळं कळतं. थंड-गरम, रेस वाढवली-सोडली, लोड आहे-नाही, क्लच दाबला, एक सिलेंडर बंद केला, हवा भरली, या प्रत्येक वेळी ठोका वाढतो, कमी होतो, जातो की तसाच राहतो ते लिहून काढा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते सांगता येत नाही. असा कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलात तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. खालचे बहुतेक प्रश्न म्हणजे हाच कागद कसा वाचायचा ते आहे.

६. सकाळी थंड असताना ठोकतं, पाच-दहा मिनिटांत बंद होतं. उघडायचं का?

घाई नको. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर बिडाच्या लायनरपेक्षा जवळपास दुप्पट फुगतो, म्हणून झिजलेल्या इंजिनात थंड पिस्टन लायनरवर आपटतो आणि तापला की जागा भरून निघते. असं इंजिन नीट जपलं तर बरंच चालतं, फक्त ऑइल किती पितंय आणि बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा गॅस) किती आहे यावर लक्ष ठेवा. स्टार्ट केल्यावर फक्त दोन-चार सेकंद खडखड होऊन थांबत असेल तर तो वेगळा मामला आहे, रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतंय, फिल्टरच्या आतली ऑइल परत जाऊ न देणारी झडप खराब आहे किंवा त्या इंजिनाला न चालणारा फिल्टर बसवलाय. तो बदलून बघा.

७. माझं उलटं आहे, गरम झाल्यावरच ठोकतं.

हे जास्त गंभीर. तापलं की ऑइल पातळ होतं, आणि ढिल्या बेअरिंगमधला ठोका तोपर्यंत त्या ऑइलच्या जाड थरानेच झाकलेला असतो. जोडीला रेस मध्यापर्यंत नेऊन सोडताना ठोका स्पष्ट होत असेल तर बिग एंडवर संशय घ्या, चढावर लोड घेतल्यावर खालून दबका धप्प येत असेल तर मेन बेअरिंग. ही रेस वाढवून सोडण्याची चाचणी एक-दोनदाच करा, पुन्हा पुन्हा करून खात्री करत बसलात तर तेच बेअरिंग तुमच्यासमोर जाईल.

८. टॅपेट वाजतायत की खालचं काही, हे न उघडता कसं ओळखायचं?

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. म्हणजे टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या वेगाने येते आणि बिग एंडचा ठोका साधारण क्रँकच्या वेगाने. ६०० आरपीएमला हे सेकंदाला ५ आणि १० पडतं, कानाने मोजणं अवघड आहे, पण एक सोपी युक्ती आहे. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या, कुठेही गळत नसलेल्या पाइपवर बोटाचं टोक हलकेच ठेवा, डिझेलचा धक्का नाडीसारखा बोटाला लागतो आणि तो एका सिलेंडरला दोन फेऱ्यांत एकदाच येतो. आता डोळे मिटून ऐका. नाडीच्या एका ठोक्याला एकच टक् म्हणजे वरचं काही, टॅपेट, व्हॉल्व किंवा जळण्याचा दणका. नाडीच्या एका ठोक्याला दोन ठोके म्हणजे क्रँकच्या वेगाने फिरणारं काही. थोडा सराव लागतो, पण एकदा लय सापडली की विसरत नाही.

टॅपेट असतील तर पुढचं काम सरळ आहे, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन मॅन्युअलमधल्या मापाला सेट करा. सेट करूनही एकच वाजत असेल तर वाकलेला पुशरॉड, तुटलेली स्प्रिंग किंवा झिजलेला कॅम बघा. आणि तशीच टकटक एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून हवा निसटल्यानेही येते, जोडावर काळं दिसतंय का ते आधी बघून घ्या.

९. कुठल्या सिलेंडरमधून येतंय ते कसं शोधायचं?

एकेक सिलेंडर बंद करून. इंजिन स्लोवर ठेवा, नोझलवरच्या पाइपचा नट फडकं गुंडाळून साधारण अर्धा फेरा सैल करा, त्या सिलेंडरचं डिझेल बाहेर येईल आणि तो काम करायचा थांबेल. ठोका गेला किंवा बराच कमी झाला तर तो सिलेंडर सापडला. नट सैल करूनही इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही तर तो सिलेंडर आधीपासूनच मेलेला होता, हीसुद्धा कामाची माहिती आहे. एक झाला की नट घट्ट करून मगच पुढचा.

डोळ्यांवर चष्मा पाहिजेच आणि हात फवाऱ्यासमोर न्यायचा नाही, नोझलच्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते पण हात गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जायचं. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात) हा नट कधीच सैल करायचा नाही, तिथे दाब १००० बारच्याही वर जातो, स्कॅनरने सिलेंडर बंद करता येतो.

१०. तिसऱ्या सिलेंडरचा नट सैल केल्यावर ठोका गेला. म्हणजे त्याचं बिग एंड गेलं ना?

सगळ्यात जास्त इंजिनं याच गैरसमजाने विनाकारण उघडली जातात, म्हणून सविस्तर सांगतो. सिलेंडर बंद केल्यावर पिस्टनवरचा दाब जातो, त्यामुळे ढिलं बेअरिंग शांत होतं, गजन पिनचा ठोका बदलतो, डुलणारा पिस्टन मऊ वाजतो. पण डिझेलच बंद झाल्यामुळे खराब नोझलचा दणकाही तितकाच गायब होतो! चाचणीने सिलेंडर कळला, कारण नाही कळलं.

आता तिसऱ्याचं नोझल काढून पाचव्यात टाका आणि पाचव्याचं तिसऱ्यात. खालचे तांब्याचे वायसर नवे घ्या, जुना वायसर तळाशी चिकटून राहिला नाही ना ते बॅटरी मारून बघा. स्टार्ट करून पुन्हा नट सैल करून बघा. ठोका पाचव्यात गेला तर नोझल दोषी, टेस्टरवर लावून बघा, चिकटलेलं किंवा टपकणारं दिसेल, एवढ्यावर काम संपलं. ठोका तिसऱ्यातच राहिला तर मग खालचा संशय खरा धरा. नोझलच्या ठोक्यासोबत बहुतेक वेळा काळा किंवा पांढरा धूरही असतो, बेअरिंगच्या ठोक्याला धुराशी देणंघेणं नाही. आणि ठोका सगळ्याच सिलेंडरमध्ये सारखा कडक असेल तर पंपाचं टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुढे गेलंय का किंवा टाकीत पेट्रोल मिसळलंय का ते बघा, पेट्रोलमुळे डिझेलचा सिटेन आकडा (ते किती लवकर पेटतं याचं माप) खाली येतो, पेटायला उशीर होतो आणि दणका वाढतो.

११. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकतात, त्याचा उपयोग होतो का?

होतो, पण बीड सगळीकडे आवाज पोचवतं, म्हणून एका जागी ऐकून काही ठरवू नका, तुलना करा. टॅपेट कव्हर, ब्लॉकचा मध्य, चेंबरची (खालच्या ऑइलच्या टाकीची) बाजू, टायमिंग कव्हर, पंप, कॉम्प्रेसर असं टोक फिरवत जा, मूठ कानामागच्या हाडाला टेकवा. फॅन आणि बेल्टपासून लांब, गळ्यात काही लोंबत नको.

१२. कुठलाच सिलेंडर बंद केला तरी ठोक्याला फरकच पडत नाही. मग काय?

मग बहुतेक आवाज सिलेंडरशी संबंधित नाही. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये पहिला संशय कॉम्प्रेसरवर घ्या. त्याला स्वतःचा पिस्टन आहे, स्वतःचा रॉड आहे, स्वतःचं बेअरिंग आहे, आणि ते ढिलं झालं की हुबेहूब बिग एंडसारखं वाजतं.

एका सहा सिलेंडरच्या इंजिनावर मी हे स्वतः बघितलंय. स्लोवर जड ठकठक, गरम झाल्यावर आणखी स्पष्ट, सहाही नट सैल करून झाले, फरक शून्य, तरी सगळ्यांचं मत बिग एंडच. चेंबर उतरवला, दोन कॅप खोलल्या, शेलवरचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावरचा) राखाडी थर एकसारखा, नखाला लागेल असा एक ओरखडा नाही. परत सगळं बसवलं, ऑइल भरलं, स्टार्ट केलं, ठकठक तशीच. हात पुसत हवेच्या गेजकडे बघत उभा होतो, काटा हळूहळू चढला, कट आउटला (कॉम्प्रेसर हवा भरायचं थांबवतो त्या दाबाला) पोचला, फुस्स करून हवा सुटली आणि त्याच क्षणी ठोका तुटल्यासारखा थांबला. ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबून हवा खाली आणली, कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला, ठोका परत. कॉम्प्रेसरचं खालचं झाकण काढलं तर रॉड बोटाने वरखाली हलत होता. ज्या चाचणीला पाच मिनिटं लागतात ती आधी केली असती तर दोन दिवस वाचले असते, तेव्हापासून एअर ब्रेकच्या गाडीत ही चाचणी मी सगळ्यात आधी करतो.

तुम्हीही करा, चाकांना ठोकळे लावून. फक्त एक लक्षात ठेवा, कॉम्प्रेसर रिकामा फिरायला लागल्यावर ठोका वाढला तरी तोही बदलच आहे, आणि लोड बदलल्यावर टायमिंग गिअरची खडखडही बदलू शकते, म्हणून शेवटी स्क्रू ड्रायव्हर लावून दोन्हीकडे ऐका. कॉम्प्रेसर नसेल तर क्रँकची पुली, व्हॅक्यूम पंप आणि वॉटर पंप बघा, बेल्टवर चालणाऱ्या वस्तूंसाठी बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवलं तरी पुरतं.

१३. क्लच दाबला की आवाज बदलतो, हे इंजिनाचं की गिअरबॉक्सचं?

दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि त्याचं बेअरिंग, कारण क्लच दाबल्यावर ते फिरायचं थांबतं. दाबल्यावर आला तर रिलीज बेअरिंग. तिसरी शक्यता लोक विसरतात, क्लच दाबताना क्रँक पुढे ढकलला जातो, थ्रस्ट वायसर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे) झिजले असतील तर ठोका तिथेच बदलतो. इंजिन बंद करून दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीकडे बघा. ती पुढेमागे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ते जास्त आहे, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर खेळ चालतो आणि तो डायल गेजनेच मोजायचा. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असतील तर ठोका स्लोवर आणि इंजिन बंद होताना शेवटच्या झटक्याला येतो.

१४. माझा जुना ट्रक पेट्रोलवर आहे, चढावर टिणटिण वाजतो.

चढावर, लोडमध्ये, काचेच्या गोट्यांसारखं वाजतं ते बहुतेक बेअरिंग नसतं, ते पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आत स्वतःहून पेटणं असतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल, पुढे गेलेलं टायमिंग, डिस्ट्रिब्युटरची अडकलेली वजनं, पिस्टनवर साचलेला कार्बन, कमी पेट्रोल जास्त हवा असं मिश्रण, तापणारं इंजिन, ही कारणं. टायमिंग दोन-तीन अंश मागे घेऊन बघा, आवाज गेला तर कारण जळण्यातच आहे. पण तसंच चालवत राहू नका, पिस्टनला भोक पडू शकतं. प्रश्न ९ मधली चाचणी तुमच्याकडे प्लगची वायर काढून ती ब्लॉकला टेकवून होते, इन्सुलेटेड पकड वापरा.

१५. ऑइलमध्ये चकचकीत कण दिसले. त्यावरून काय कळतं?

खूप काही कळतं, फिल्टर फेकू नका. डबा करवतीने कापू नका, करवतीचाच चुरा आत पडतो, कटरने उघडा. आतला कागद काढून घड्या उलगडा, पांढऱ्या ताटलीत स्वच्छ डिझेलने धुवा आणि उन्हात बघा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड, म्हणजे रिंग, लायनर, कॅम, गिअर. चिकटत नाहीत ते राखाडी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. तांबूस चमक दिसली तर शेलचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. अगदी बारीक धूळ जुन्या इंजिनात असतेच, नखावर उचलता येईल असा पापुद्रा असता कामा नये.

१६. जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून ठोका बंद होतो म्हणतात, खरं का?

आवाज दबतो, झीज भरून येत नाही. १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलच्या जागी फार जाड ऑइल टाकलं तर थंडीत ते जाळीतून नीट ओढलं जात नाही आणि फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. गाडी विकताना कोणी असं करत असेल तर घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा, घाटात इंजिन जाम झालं तर काय होईल याचा विचार करा.

१७. ठोका घेऊन गाडी किती किलोमीटर चालेल?

टॅपेट किंवा थंडीतला पिस्टनचा ठोका असेल तर सांभाळून कामं उरकता येतात. बिग एंड किंवा मेनचा संशय असेल तर एकही नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही, टो करून न्या. ढिला रॉड प्रत्येक फेऱ्याला आपल्या बोल्टांवर घाव घालतो, बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आज शेल आणि क्रँक ग्राइंडिंगवर भागणारं काम उद्या नव्या ब्लॉकवर जातं.

१८. शेल नवे टाकले तरी ठोका आहेच. असं कसं?

क्रँक मायक्रोमीटरने मोजला होता का, हा पहिला प्रश्न. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल न राहता लंबगोल झालं असेल तर नवे शेल काही दिवसच शांत राहतात, ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज शेल टाकावे लागतात. दुसरं, कॅप अदलाबदल झाल्या का. रॉड आणि कॅपवरचे नंबर जुळले पाहिजेत आणि एकाच बाजूला आले पाहिजेत. शेलच्या मागे एक केस किंवा कचऱ्याचा कण राहिला तरी तेवढी जागा उंच होते. कॅप आवळण्याआधी प्लास्टिगेजची (दाबली जाऊन गॅप दाखवणारी मऊ) पट्टी ठेवून गॅप बघितला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. कधी इंजिनात पाणी शिरलं होतं का तेही आठवा, पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो, आणि वाकलेल्या रॉडला कितीही नवे शेल टाका. हेडचं काम झाल्यावर ठोका आला असेल तर हेड घासून खाली आलंय, गॅसकेट पातळ बसलंय किंवा टायमिंग एक दात चुकलंय का बघा, व्हॉल्व पिस्टनला लागत असेल. हेडच्या कुठल्याही कामानंतर स्टार्टर मारायच्या आधी पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवायचा, कुठे अडला तर जोर लावायचा नाही.

१९. आवाज आपोआप बंद झाला, आता सोडून देऊ का?

कार्बनचा तुकडा जळून गेला असेल, चिकटलेलं नोझल सुटलं असेल, तर खरंच सुटलात. पण ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशी ऑइल बदललं होतं, गाडी रिकामी होती किंवा थंडी होती का ते आठवून बघा. प्रश्न ३ मधलं गेज पुन्हा लावा, पुढचा फिल्टर नेहमीपेक्षा निम्म्या किलोमीटरला काढा आणि प्रश्न १५ प्रमाणे उघडून बघा. कागद स्वच्छ निघाला तर गाडीवर माल चढवा.